घर अजून खाली झालं नाही

१

घर सोडून महिना होत आला तरी सोपानरावांनी डिपॉझिट परत केलं नव्हतं. फोन लावला की म्हणायचे, "बसून बोलू." बसायला गेलं की घरात पाहुणे असायचे. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की बसच्या मागच्या सीटवर बसून त्यांना फोन लावायचा, हा माझा नेमच झाला होता.

सोपानराव मूळचे रहाटणीचे. रानं जाऊन इमारती उठल्या तेव्हा त्यांनी स्वतःपुरतं एक घर बांधलं. खाली ते आणि कौशल्याकाकू, वरच्या मजल्यावर भाडेकरू. बाहेरून लोखंडी जिना. लग्न झाल्यावर तनुजाला घेऊन मी परळीहून थेट त्या वरच्या मजल्यावर आलो. स्वरूपा तिथंच झाली, तिथंच चालायला शिकली. इतकी वर्षं कधी भांडण नाही, पाण्यावरून नाही की चपलांवरून नाही. मग चऱ्होलीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, कर्ज काढून. तनुजाचं मन नव्हतं. "इथं काय वाईट आहे?" एवढंच ती एकदा म्हणाली होती. पण दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं? डिपॉझिटचे पैसे आले की गॅलरीला ग्रिल बसवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. लहान मुलीला घेऊन इतक्या उंचावर उघडी गॅलरी बरी नव्हे.

त्या दिवशी सोपानराव फोनवर नीट बोलले. रंगाचे कापणार, गिझरचे कापणार, बेसिनला तडा गेलाय त्याचे कापणार.

मी तयारीतच होतो. "काका, इतक्या वर्षांनी रंग उडणारच की. आणि गिझर आम्ही यायच्या आधीचा आहे. बेसिनचं मान्य, ते माझ्या हातून झालंय."

"बरं नवनाथ, ऱ्हाऊ दे रंगाचं," ते म्हणाले. "गिझरचं बी सोड. पर भाडं कापावं लागंल."

"कसलं भाडं?"

"चालू महिन्याचं. आन लाइटचं."

बस मोशीच्या सिग्नलला थांबली होती. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काका, आम्ही घर सोडलंय. किल्ल्या तुमच्या हातात दिल्यात."

"सामान न्हेलंस तू," सोपानराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडा संकोच होता. "घर कुठं खाली झालंय अजून?"

२

दुसऱ्या दिवशी मी चऱ्होलीला न उतरता तसाच रहाटणीला गेलो. सोपानराव ओट्यावरच बसले होते. त्यांनी मला जिन्याखाली मीटरपाशी नेलं. दोन मीटर, एक खालचा, एक वरचा. वरच्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता, सावकाश नाही, घाईघाईनं.

"घर सोडलं तवा काय रीडिंग व्हतं, त्याचा तूच फोटो काढून ठेवलायस," ते म्हणाले. "बघ आता."

मी मोबाइलमधला फोटो काढून बघितला. फरक मोठा होता. माणसं राहत असलेल्या घराचा फरक होता तो.

आता यात गूढ काही नव्हतं. वायर कुठंतरी लागत असेल. शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी लाइन जोडून घेतली असेल; तिथल्या भिंती एकमेकींना चिकटूनच आहेत. किंवा सोपानरावांनीच कुणाला तरी ठेवून घेतलं असेल आणि त्याचं बिल माझ्या डिपॉझिटमधून वसूल करायचा विचार असेल. हा शेवटचा विचार मला पटला नाही, तरी त्यालाच मी धरून बसलो, कारण त्यात भांडता येत होतं.

"किल्ली द्या, वर बघून येतो."

किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्याला होती. आमच्या दोन्ही किल्ल्या एकाच सुतळीत, मी दिल्या होत्या तशाच बांधलेल्या. गाठ माझीच होती.

कुलूप उघडून आत गेलो. रिकामं घर. हॉलमध्ये कॅलेंडरची खूण, बेडरूममध्ये कपाट होतं तेवढाच भिंतीचा चांगला रंग. आवाज दिला तर घुमेल असं घर. पण मी आवाज दिला नाही. फरशी ओली होती.

पाणी सांडलेलं नव्हतं. कुणीतरी नुकतीच पुसली होती. फडक्याचे अर्धगोल पट्टे दिसत होते, दारापासून सुरू होऊन स्वयंपाकघरात संपणारे. सगळ्या बायका आतून दाराकडे पुसत येतात. तनुजा दाराकडून आत पुसत जायची, त्यावरून मी तिला चिडवायचो. स्वयंपाकघरात लसणाच्या फोडणीचा वास होता. मी गिझरच्या नळाखाली हात धरला. पाणी कोमट होतं.

खाली आलो. काकू तांदूळ निवडत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना धड दिसत नव्हतं; हातांनीच खडे शोधत होत्या.

"काकू, वर कोण येऊन पुसून गेलं?"

"कोन येनार?" त्या म्हणाल्या. "तनुजा रोज पुसती की दुपारी."

३

घरी येऊन तनुजाला सांगितलं. म्हातारी माणसं, काकूंना दिसत नाही, काका बहुतेक पैसे बुडवणार, अशा सुरात सांगितलं. तनुजा पोळ्या लाटत होती. ती हसेल असं मला वाटलं.

"स्वरूपा काय करत होती?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"तिथं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिचं लाटणं थांबलं नव्हतं. प्रश्न तिनं अगदी सहज विचारला होता, माहेरी फोन लावल्यावर भाचरांची चौकशी करावी तसा.

नव्या घरात आल्यापासून ती कमी बोलायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. तीच काय, स्वरूपाही. शाळेतून आली की दप्तर ठेवायची आणि सोफ्यावर बसून राहायची. पळणं नाही, हट्ट नाही. मी समजायचो, नवी जागा आहे, रुळायला वेळ लागतो. खेळायला शेजारी पोरं नाहीत. घरही गप्पच होतं. अकराव्या मजल्यावर रस्त्याचा आवाज येत नाही. हातातून ताट पडलं तरी आवाज झाल्यासारखा वाटायचा नाही. एकदा मी मुद्दाम टाळी वाजवून पाहिली होती आणि मग माझी मलाच लाज वाटली होती.

स्वरूपा शेजारच्या खोलीतून आली आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "आई, मला इथं खेळता येत नाही."

"माहीत आहे," तनुजा म्हणाली.

४

पुढच्या आठवड्यात माझी सुट्टी गुरुवारी आली. दुपारीच रहाटणीला गेलो. म्हटलं, आज जे काय आहे त्याचा निकाल लावायचा. काका-काकूंसमोर खुर्ची टाकून बसलो. दार सताड उघडं होतं आणि दारातून जिना पूर्ण दिसत होता. कुणी वर गेलं असतं तर माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

बराच वेळ काही नाही. बाहेर भंगारवाल्याची गाडी गेली. काकांनी चहा करून आणला. मी ग्रिलबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल बोललो, ते ऐकत राहिले. मग काकूंनी बोट वर केलं.

वर कुणीतरी स्टूल ओढलं.

तो आवाज मी ओळखला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ते ओढताना मध्येच अडखळायचं. ते स्टूल आता चऱ्होलीत गॅलरीत पडलेलं होतं. डबा काढल्याचा आवाज आला, मग मिक्सर. मग लहान पावलं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात, टाचा आपटत. धावणारं मूल भिंतीला हात लावून वळतं, तशी प्रत्येक फेरीला एक थाप. काकूंचा चेहरा उजळला होता.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. भिंतीला भिंत लागून आहे, शेजारच्या इमारतीतला आवाज छतातून येत असेल. मिक्सर काय, सगळ्यांकडे असतो. पोरं काय, सगळीकडे पळतात.

"शेजारचे असतील," मी म्हणालो.

सोपानरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. माझी फर्स्ट शिफ्ट असायची तेव्हा मी ज्या सुमाराला घरी पोचायचो, ती वेळ झाली होती. मी जिन्याकडे बघत होतो. जिना रिकामा होता. लोखंडी जिना, मांजर चढलं तरी वाजतो, तो वाजला नाही.

वर कडी काढल्याचा आवाज झाला. लहान पावलं दाराकडे धावली. मग एक बूट खाली पडला, जड, कंपनीचा सेफ्टी शूज पडावा तसा. जरा वेळ शांतता. मग दुसरा.

काकूंनी मान वर केली. मी त्यांच्या पुढ्यात बसलेलो होतो, हातात त्यांच्याच घरचा कप होता.

"नवनाथ आला," त्या म्हणाल्या.

५

सोपानराव किल्ली द्यायला तयार नव्हते. "नको जाऊस," म्हणाले. "आमी कदी गेलो न्हाई. राहत्या घरात असं घुसायचं नसतं." मी ती खिळ्यावरून ओढून घेतली.

जिना चढताना डोकं अजून भांडतच होतं. आत कुणीतरी भाडेकरू ठेवलेला असेल, नवरा, बायको, पोरगी. अशा कुटुंबांना रहाटणीत काय तोटा. कंपनीतला माणूसही असेल. सेफ्टी शूज या भागात कुणाच्या पायात नसतात?

कुलूप बाहेरून लावलेलं होतं. ते उघडलं, दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी होती.

जिन्याच्या वरच्या पायरीवरून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. जाळीची खिडकी, तनुजा तिथून भाजीवाल्याशी बोलायची. मी कठड्याला धरून वाकलो.

आत उजेड होता. ओट्याखाली फरशीवर स्वरूपा पाठमोरी बसली होती, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तिच्या मागे तनुजा गुडघे मुडपून बसली होती आणि तिची वेणी घालत होती. हॉलमधून कुणी काहीतरी बोललं, शब्द कळले नाहीत, आणि दोघी हसल्या. स्वरूपा तर पार पुढे वाकून हसली, केस हातातून सुटले म्हणून तनुजानं तिला लटकी चापट मारली. आम्ही चऱ्होलीला गेल्यापासून मी हे हसणं ऐकलं नव्हतं. आणि मला तेव्हा भीती वाटली नाही, हे मला नंतर फार लागलं. मला वाटलं, आपण आत जावं, पाय धुवावेत, चहा मागावा.

तनुजानं वर पाहिलं.

ती दचकली नाही. कुणी पत्ता चुकून दारात आलं की आपण बघतो, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. थोडी अडचण, थोडी दया. हातातली वेणी न सोडता तिनं मान हॉलकडे वळवली आणि म्हणाली, "अहो, बघा बरं कोण आलंय."

हॉलमध्ये खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं.

तो दारात यायच्या आत मी खाली उतरलो. जिना माझ्या पायांखाली एवढा वाजत होता की मागं कडी निघाली की नाही, ते मला कळलं नाही.

६

संध्याकाळी तनुजाला सगळं सांगितलं. स्वरूपा आत सोफ्यावर बसून होती. तनुजानं मध्ये एकदाही "काहीतरीच काय" म्हटलं नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "मी कशी होते?"

"हसत होतीस."

ती मान हलवत राहिली. मग गॅलरीचं दार लावून घेत म्हणाली, "मला वाटलंच होतं. आपण सामान आणलं फक्त."

"मग आपण कोण आहोत?" मी विचारलं. हसण्यावारी नेल्यासारखं विचारलं, पण ते तसं निघालं नाही.

"आपण हप्ते भरतो," ती म्हणाली. "त्यांना राहू द्या तिथं. काढू नका."

मी सोपानरावांना फोन लावला. मला वाटलं होतं, ते चिडलेले असतील. ते थकलेले वाटले.

"काका, भाडं कापत चला डिपॉझिटमधून," मी म्हणालो. "लाइटचंही."

"तू म्हंतोस तसं," ते म्हणाले. "एक सांगू का? आमाला त्यांचा तरास न्हाई. उलट बरं वाटतं. पर हिशोब तर ठेवावा लागतो, नवनाथ. घर आपलं हाय, फुकट कसं देनार?"

मी पुन्हा तिकडे गेलो नाही. बसमधून फोन करायचा नेम सुटला. चऱ्होलीत दिवस जात राहिले. कंपनीत माझं काम बिनचूक चाललं होतं, उलट सुपरवायझरनं दोनदा कौतुक केलं. कुणाशी हसायचं, कुठं मान हलवायची, सगळं जमत होतं. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसायचो. भाजीत मीठ कमी असलं तरी कुणी बोलायचं नाही. एकदा आरशासमोर दाढी करताना मला माझा चेहरा कुणाच्यातरी ओळखपत्रावरच्या फोटोसारखा वाटला. फोटो बरोबर होता. फक्त फोटो होता.

स्वरूपा एकदा म्हणाली, "बाबा, ते इथं आले तर?"

"कोण?"

तिनं दाराकडे पाहिलं. तिच्या आईनं मान वर केली नाही.

७

उन्हाळा सुरू झाला तेव्हा सोपानरावांचा फोन आला. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून केलेला तो पहिलाच.

"डिपॉझिट सरलं," ते म्हणाले.

"मी पैसे पाठवतो, काका. दर महिन्याला पाठवत जाईन."

"तसं न्हाई आता. माझा पोरगा येतोय वर ऱ्हायला, बायको-पोरं घेऊन. घर लागनारच हाय." ते घसा खाकरले. "म्हनून मी वर जाऊन सांगून आलो परवा."

"कुणाला?"

"कुनाला म्हंजे? तुलाच की."

मी कंपनीच्या गेटबाहेर उभा होतो. समोरून ट्रेलर जात होते. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"दारातनंच बोललो," सोपानराव म्हणाले. "म्हटलं, डिपॉझिट सरलं, आता जागा खाली करा. तू नीट ऐकून घेतलंस. एका शब्दानं वाद घातला न्हाईस. मला लई वाईट वाटलं. तनुजा आतनं चहा घ्या म्हनाली."

"मी काय म्हणालो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हनालास, काळजी करू नका, रविवारी जातो. तुजी काकू जिन्याखालनं विचारत व्हती, कुठं जानार लेकरू घेऊन? तर तू म्हनालास, आता आमचं स्वतःचं घर हाय की."

मी बसमध्ये चढलो. फोन कधी बंद झाला, कळलं नाही.

तनुजाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण शनिवारी घरी आलो तेव्हा तिनं घर झाडून काढलं होतं. जाळ्या, पंखे, ओट्याखालचा कोपरा. कपाटातल्या घड्या नव्यानं घातल्या होत्या. पाहुणे यायचे असले की करतात तसं.

रविवारी सकाळी ऊन थेट हॉलमध्ये आलं होतं. तनुजा पोहे करत होती. स्वरूपा गॅलरीच्या काचेला कपाळ लावून खाली बघत होती. भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. गेटवरचा सिक्युरिटीवाला होता.

"सर, खाली टेम्पो आलाय सामानाचा. शिफ्टिंग आहे म्हणतायत. फ्लॅट नंबर तुमचाच सांगतायत."

"चुकले असतील," मी म्हणालो. "आमच्याकडे कुणी येणार नाही."

"नाही सर, नाव पण तुमचंच..." तो थांबला. त्याच्यामागे टेम्पोचं इंजिन चालू होतं आणि कुणीतरी लहान मूल मोठ्यानं हसत होतं. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "सर, तुम्ही वरूनच बोलताय ना?"

तनुजा हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं माझ्या हातातून इंटरकॉम घेतला, अगदी हळू.

"सोडा त्यांना वर," ती म्हणाली.

इंटरकॉम जागेवर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. पोह्यांवर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, बंद नाही केला. घराच्या किल्ल्या ओट्यावर ठेवल्या, ओढणी खांद्यावर घेतली आणि काचेपाशी उभ्या मुलीला म्हणाली, "चल बाळा, चप्पल घाल."